दोन्ही मांडवांत कळंब

ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला वाचकांची पत्रं येत असतील, असा लोकांचा समज आहे. पत्रं कुठली, डोंबलाची! फोन येतात, आणि तेही मी फोडणीत मोहरी टाकलेली असताना.

एका साखर कारखान्याच्या माजी संचालकांनी फोन करून सांगितलं, की माझा नायक हा त्यांच्याच घराण्यातला पूर्वज आहे. "नाव बदललंत, पण आमी वळखलं." मी म्हटलं, अहो, तो माणूस मी मेथी निवडता निवडता तयार केलाय. "असू द्या की. पण पुढच्या खेपेला जरा उंच दाखवा. आमच्यात सगळी उंच हायती." सांगलीतल्या एका महिला मंडळाने कादंबरीवर चर्चा ठेवली. एकेकीने उठून सांगितलं, की त्या चिकाच्या पडद्यामागच्या प्रसंगाची काहीएक गरज नव्हती. मंडळाची प्रत टेबलावर होती. ती कुठूनही उघडली तरी नेमकं तेच पान उघडत होतं. माझ्या सख्ख्या जावेचं तर काय सांगू? तिला मी सही करून दिलेली प्रत आमच्या वास्तुशांतीला, तिच्याच मुलाच्या हातून, मला आहेर म्हणून परत आली. सही माझी तशीच होती. वरून कुंकू लावलं होतं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते. मग एका रविवारी सकाळी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स, गाव रहिमतपूर. तिला मोटारसायकलवरून घेऊन आलेला तिचा मामा मागे उभा होता. मामा घडीव अंगाचा आणि मुखदुर्बळ. मी पोहे केले, तो खाली मान घालून खायला लागला.

मुलीने वेळ घालवला नाही. "मॅडम, तुमच्या पुस्तकात नायिकेच्या मांडवात देवक म्हणून कसली फांदी पुजलीय?"

"कळंबाची," मी ऐटीत सांगितलं. त्या वर्णनावर मी मेहनत घेतली होती.

"आणि नायकाच्या?"

मी पुस्तक काढलं, पानं चाळली. तिथेही कळंबच. ते झाड मला दिसायला आवडतं, म्हणून मी मेलीने दोन्हीकडे लावून ठेवलं होतं! आमच्याकडे देवक एक निघालं की बोलणीच थांबतात. मुलगा-मुलगी बहीणभाऊ लागतात. म्हणजे एवढं जाडजूड पुस्तक मी बहीणभावाच्या प्रेमावर लिहिलं होतं आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. महिला मंडळाच्या तर नाहीच. त्यांचं पान ठरलेलं होतं.

"आता कुठे तोंड दाखवू?" मी म्हटलं.

"तुमी कशाला तोंड लपवताय?" ती म्हणाली. "माझं त्याच्यावरच अडलंय."

तिचं एक्स-रे विभागातल्या मुलाशी जुळलं होतं. मुलगा आटपाडीचा, निर्व्यसनी, घर चांगलं. खोट एकच, दोन्ही घरचं देवक कळंब. वडील लहानपणीच गेलेले, घरात शब्द आजोबांचा. आजोबा फौजेतून सुभेदार होऊन आलेले. त्यांनी नाही म्हटलं की दावणीची म्हैससुद्धा हंबरत नाही. त्यांनी सांगून टाकलं होतं, की मी डोळे मिटल्यावर काय ते करा.

"आबांना तुमचं पुस्तक मीच आणून दिलं. लय आवडलं. शेवटी दोघांचं लग्न लागतं न्हवं, तवा म्हातारा चष्मा काढून रडला, मी बघितलंय. मग मी त्यांना ती दोन पानं दाखवली."

"मग?"

"मग जेवलं न्हाईत." ती हसली, पण हसू टिकलं नाही. "आता ते तुमाला गावच्या वाचनालयात बोलवणार हायत. चारचौघांत तुमच्या तोंडून चूक कबूल करून घेणार. तुमी चूक म्हणलात की माझं संपलं बघा. तेवढं म्हणू नका, मॅडम."

वाचकांनी माझ्याकडे आजवर काय काय मागितलं होतं: सही, फोटो, नायकाची उंची. स्वतःचं लग्न मागायला कुणी आलं नव्हतं. त्यात प्रकाशकांना सांगितलं तर ते म्हणाले, "हात्तिच्या! ताई, झाडच बदलायचंय ना? एकीकडे आंबा टाका आणि मोकळ्या व्हा." त्यांच्या दृष्टीने विषय मिटला.

बोलावणं आलंच. वाचनालयाच्या सभागृहात शाल झाली, नारळ झाला. आधी सत्कार करून मग झोडपायचं ही आपल्याकडची पद्धत, त्यामुळे शाल खांद्यावर पडल्या पडल्या मी सावध झाले. मुलगी मागे दाराजवळ उभी होती. मामा कडेच्या खुर्चीत अंग चोरून बसला होता. पहिल्या रांगेतून सुभेदार उठले. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, हातात माझं पुस्तक.

"बाई, लिवलंय लय झ्याक. लढाई वाचताना माझा हात कमरंला गेला. पण नवरानवरीचं देवक एकच? आवं, हे आपल्यात चालतं व्हय? पोरीबाळी वाचत्यात. उद्या एखादी म्हणंल, पुस्तकात हाय, मग मला का न्हाई? चूक झाली म्हणा, हितंच, सगळ्यांसमोर."

"बरोबर हाय," सभागृह म्हणालं. यातल्या निम्म्यांनी पुस्तक हातात धरलेलं नव्हतं, पण बरोबर हाय म्हणायला वाचावं लागत नाही.

मी दाराकडे पाहिलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. आणि माझं डोकं सणकलं. पुस्तकातल्या लग्नावर रडायला म्हातारा तयार, आणि घरच्या पोरीला मात्र उपाशी राहून धाक घालणार!

"झाली चूक," मी म्हटलं. पोरीने मान खाली घातली. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करते. लग्नच मोडते. देवक एक म्हटल्यावर ती विहिरीत उडी घेईल, आणि तो सरळ जाऊन पहिल्याच लढाईत मरेल. चालेल?"

मागच्या बायकांतून कुणीतरी "अगं आई गं!" म्हणालं.

"आवं, असं कसं?" सुभेदार उसळले. "पोरीला मारताय कशापायी? तिनं काय केलंय? येवढी वाट बघितली तिनं त्याची!"

"मग काय करू? देवक तर एकच आहे. तुम्हीच म्हणालात."

"तोडगा असतोय की!" त्यांनी माझंच पुस्तक खुर्चीवर आपटलं. "देवक एक निघालं तर पोरगी मामाला दत्तक द्यायची. मामाचं देवक येगळं. मामाच्या दारात मांडव, मामाच्या हातानं कन्यादान. खुशाल लगीन लागतंय. आमच्या आत्याचंच तसं झालंय. तुमाला येवढंबी ठावं न्हाई आन् पुस्तकं लिवताय?"

"म्हणजे असं लग्न चालतं?"

"चालतं म्हंजे? न चालायला काय झालं!"

सभागृह म्हणालं, "बरोबर हाय."

तेव्हा दाराजवळून आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना गेला.

"आबा, माझा मामा हितंच बसलाय."

कडेच्या खुर्चीतून मामा उठून उभा राहिला, हात जोडून. पहिल्या रांगेतलं कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच खोकलं.

सुभेदारांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "ह्यात तुमचा हात हाय, बाई."

"तोडगा तुमचा आहे," मी म्हटलं.

मग त्यांनी नातीकडे पाहिलं. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला. आणि मामावर खेकसले, "उभा काय राहिलास रं? बस खाली. मांडव तुलाच घालायचाय, आत्तापास्नं दमू नगंस."