अन्वरचे पोटभाडेकरू

अन्वर स्वतःच्या खोलीत शिरण्याआधी दार वाजवायचा. कुलूप त्यानेच लावलेलं, चावी त्याच्याच हातात, आत कुणी नाही हे त्याला पक्कं माहीत. तरी आधी दोन बोटांनी टकटक, मग जरा थांबायचा, आणि मग कुलूप काढायचा. भिसेगावातल्या माझ्या घराच्या माडीवर त्याने खोली घेतली, त्या पहिल्याच दिवशी मी हे खालून पाहिलं आणि ठरवलं, या माणसावर लक्ष ठेवायला हवं.

लक्ष मी सगळ्यांवरच ठेवतो. दूधवाला, मीटर बघायला येणारा, माझा स्वतःचा जावई, कुणी सुटलेलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही धड नाही. पण घर मी बांधलं, माडी मी चढवली, आणि प्रत्येक खोलीची दुसरी चावी माझ्या करगोट्याला असते. अन्वर खोपोलीचा. वडिलांचं तिथे सायकलींचं दुकान, घराणं मूळचं श्रीवर्धनकडचं. आळीतले दोघेतिघे येऊन सांगून गेले, यांच्यातल्याला जागा देऊ नका. मी म्हटलं, घर कुणाचं? माझा संशय मी माझ्या पद्धतीने घेतो, तुमच्याकडून उसना घेत नाही.

दार का वाजवतोस, असं मी त्याला विचारलं होतं. म्हणाला, "तात्या, ही सवय मोडली ना, की माणूस दुसऱ्याच्या दारात पण विसरतो." मला उत्तर पटलं नाही. इतकं सरळ उत्तर कुणी देत नाही.

त्याचा धंदा कळायला मला पावसाळा गेला. माल येत नाही, गिऱ्हाईक येत नाही, खोलीत दोन कंप्युटर आणि एक इन्व्हर्टर. शेवटी एकदा ओटीवर बसवून विचारलं. तो म्हणाला, इंटरनेटवर ज्याला आपलं पान ठेवायचं असतं, दुकानवाला, शाळावाला, हॉटेलवाला, त्याला तिथे जागा लागते. मोठी मशीनं नवी मुंबईत एका इमारतीत आहेत. तिथली जागा हा घाऊक घेतो आणि लोकांना किरकोळ देतो.

"म्हणजे तू पोटभाडेकरू ठेवतोस," मी म्हटलं.

तो हसला. "तसंच समजा."

पोटभाडेकरू हा शब्द माझ्या घरात शिवीसारखा आहे. पण त्या दिवसापासून तो माझ्याच धंद्यातला वाटायला लागला. मी विचारलं, भाडेकरू आत काय करतात ते बघतोस की नाही? म्हणाला, "नाय. भाडं दिलं की दार त्यांचं. दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाय."

हा काय घरमालक झाला?

तो वडिलांकडे खोपोलीला गेला की मी दुसरी चावी घेऊन वर जायचो. घर माझं आहे. आत दोन्ही कंप्युटर काळेठिक्कर, चटई गुंडाळून भिंतीला टेकवलेली, आणि टेबलावर बशीने झाकलेला पाण्याचा ग्लास. दर वेळी तसाच भरलेला ग्लास. मी तो कधी तोंडाला लावला नाही. कुणी आधीपासून भरून ठेवलेलं पाणी मी पीत नाही.

पण त्याची एक गोष्ट मला आवडली होती, ती सांगतो. पळसदरीकडे एका रिसॉर्टचं घाण पाणी ओहोळात सोडत होते. गावातल्या पोरांनी फोटो काढून इंटरनेटवर पान केलं, आणि ते अन्वरच्या जागेत होतं. एक दिवस रिसॉर्टचा माणूस पांढऱ्या गाडीतून आला. बोलायला गोड. ते पान काढून टाका म्हणाला. अन्वर जिन्यातच उभा राहून म्हणाला, "खोटं असेल तर कोर्टाचा कागद आणा. कुणाला राग आला म्हणून मी भाडेकरू बाहेर काढत नाय." मी मागून म्हटलं, हलू नकोस. त्या माणसाला फाटकापर्यंत मीच पोचवलं, म्हणजे तो खरंच गेला की नाही ते पाहायला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात खालापूरची वैशाली आली. तिशीची, तरतरीत. तिने रस्त्याला लागून गाळा घेऊन कंप्युटर मांडले होते. कॉलेजची पोरंपोरी तिथे गेम खेळायला यायची, रविवारी स्पर्धा व्हायच्या. अन्वर घरी नव्हता म्हणून ती माझ्यापाशी ओटीवर बसली आणि मला सगळं समजावलं. त्या गेममध्ये भिंतीआड लपायचं आणि समोरच्याला गाठायचं. कुणीतरी इंटरनेटवर एक वस्तू विकतो, त्याला चीट म्हणतात. ती मशीनवर घातली की भिंतीपलीकडचा माणूस दिसतो. विकणाऱ्याचं पान कुणाच्या जागेत आहे ते तिने शोधून काढलं होतं.

"फसवणारे दोनचारच असतील," ती म्हणाली. "पण आता कुणी जिंकलं की बाकीचे म्हणतात, लावलंय. हरलं की म्हणतात, समोरच्यानं लावलंय. एकमेकांशी बोलत नायत. आहे ते पण चाललेत, तात्या. असंच राहिलं तर गाळा सोडावा लागंल मला."

मला काय वाटलं सांगू? बरं वाटलं. इतके दिवस वास येत होता, आज उंदीर सापडला.

अन्वर आला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्या माणसाला विचारतो. मी म्हटलं, विचारतोस काय, बाहेर काढ.

"पळसदरीवाल्यांच्या वेळेला तुमीच म्हणालात, हलू नकोस," तो म्हणाला. "आज हिच्या सांगण्यावरून काढलं, तर उद्या त्या गाडीवाल्याला काय सांगू?"

"ती पोरं खरं सांगत होती. हा फसवायचं हत्यार विकतो."

"घरात एकटा बसून कंप्युटरशी खेळणारा पण तेच घेतो. त्यात कुणाचं काय जातं? गणपतीत तुमी एकटे पत्ते लावत बसता, जुळलं नाय की खालचं पान वर काढता. मी बघितलंय."

वैशाली तोंडाला पदर लावून हसली. मी म्हटलं, "तो माझा एकट्याचा डाव. आरतीनंतर चौघं बसले की मी खालचं काढतो का? नि कुणी दुसऱ्याच्या पाठीमागं आरसा धरून उभा राहिला, तर त्याला ओटीवरून उतरवतो मी. तो आरसा विकायला आला असंल तरी उतरवतो. मग तो भाडं देवो नाय तर सोनं. ओटी माझी हाय."

तिथे मी थांबलो असतो तर बरं, असं आमची ही अजून म्हणते. मला तसं वाटत नाही. मी पुढे म्हटलं, महिनाअखेर ते पान गेलं नाही, तर खोली खाली कर.

तेव्हा तो आवाज न चढवता म्हणाला, "भिंतीपलीकडचं बघायची हौस तुमाला पण हाय, तात्या. माझ्या माघारी वर येता, ठाऊक हाय मला. जिना उभा हाय, तुमाला धाप लागते, म्हणून पाणी झाकून ठेवतो. तुमी पीत पण नाय."

वैशाली अंगणाकडे बघायला लागली. घर माझं आहे, असं मी म्हटलं आणि आत आलो. माझा संशय उलट वाढला. ठाऊक होतं, तरी याने कुलूप का बदललं नाही? असं कोण वागतं?

पुढचं मला वैशालीने सांगितलं. रविवारी अन्वर तिच्या गाळ्यात जाऊन स्पर्धेला बसला. दर वेळी भिंतीआडून मारला गेला, तरी उठला नाही. मग त्याच्या शेजारची एक पोरगी जिंकली, ती मात्र स्वतःच्या हुशारीने. त्याने शेजारी बसून डोळ्यांनी पाहिलं होतं. पण टाळी कुणी वाजवली नाही. सगळे उठून तिच्या मशीनमध्ये डोकवायला लागले. तिने चपला घातल्या आणि निघून गेली.

घरी येऊन अन्वरने त्या विकणाऱ्याला लिहिलं, एकट्याने खेळायच्या गेमचं ठेव, दुसऱ्याविरुद्ध चालणारं काढ. त्याचं उत्तर आलं, एकट्याचं कोण विकत घेतो? मग अन्वरने त्याचं पान बंद केलं. तो त्याचा सगळ्यात मोठा भाडेकरू होता, हेही मला वैशालीकडूनच कळलं.

मला येऊन तो एवढंच म्हणाला, "काढलं. पण तुमच्या धाकानं नाय. त्या पोरीला उठताना बघितलं म्हणून. नि खोली पण सोडतो."

मी म्हटलं, पान गेलं ना, मग खोली कशाला सोडतोस?

"तो गाडीवाला एक दिवस माझ्याकडं न येता तुमच्याकडं येईल."

"मी विकला जाणारा माणूस हाय का?"

"नाय. पण माझ्या जागेत कोण राहील, ते तुमच्या मर्जीवर नको."

त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं. अर्थात त्याला तसं सांगितलं नाही.

टेंपोत सामान चढवलं, चावी माझ्या हातात दिली, हिच्या पाया पडला आणि खोपोलीला गेला. आता तिथे वडिलांच्या दुकानाच्या मागे बसून तेच काम करतो म्हणे. वैशालीचा गाळा चालू आहे, पोरं हळूहळू परत येतायत. चीटच्या बाबतीत मी बरोबर होतो. आजही कुणी विचारलं तर तेच सांगेन.

टेंपो गेल्यावर मी वर गेलो. माणूस जाताना काय काय उचकटून नेतो ते पाहावं लागतं. दाराशी पोचलो आणि हात आपोआप दारावर वाजला. जिना चढून धाप लागली होती, दम घेत होतो, दुसरं काही नाही. मग कुलूप काढलं. खोली झाडलेली, खिळेसुद्धा जागच्या जागी. टेबल टेंपोत गेलं होतं, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता, बशीने झाकलेला ग्लास.

बशी उचलून वास घेतला. उजेडात धरून पाहिला. मग प्यालो.

पाणीच होतं.