समुद्राला चुना

"आपण काय करता?" असं मी पहिल्याच भेटीत विचारलं, तेव्हा तळवडेकर काका गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "मी समुद्राला चुना लावतो."

आम्ही परळची खोली विकून भाईंदर पूर्वेला नुकतेच राहायला आलो होतो. शेजारधर्म म्हणून समोरच्या दारात गेलो आणि हे उत्तर घेऊन परत आलो. आईने ते ऐकलं आणि सुताराला बोलावून आमच्या दाराला आणखी एक कडी बसवून घेतली. "फसवतो तो फसवतो आणि वर तोंडाने सांगतो!" असं तिचं म्हणणं. काका वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते हे कळल्यावर तर तिचा संशय पक्काच झाला.

खरं म्हणजे काका शब्दशः खरं बोलले होते. त्यांच्या हॉलची एक भिंत काचेच्या टाकीने अडवली होती. आत खारं पाणी, त्यात वाऱ्यावर डोलणाऱ्या फुलांसारखे प्रवाळ, गुलाबी थर चढलेले दगड, काही शंख, दोन केशरी मासे आणि पांढऱ्या मिशांची एक कोळंबी. हा काकांचा समुद्र. या मंडळींना अंग धरायला चुना लागतो आणि तो ती पाण्यातून घेतात. खऱ्या समुद्राला त्याचा पत्ताही लागत नाही. टाकीतल्या पाण्यातला चुना मात्र चार दिवसांत संपतो. म्हणून खाल्लेला चुना रोजच्या रोज भरून द्यायचा. कमी पडला तर प्रवाळ सुकतात, जास्त झाला तर पाणीच बिघडतं.

काका त्यासाठी शुद्ध चुना आणत, पाण्यात ढवळून ठेवत आणि गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी अलगद काढून घेत. मी हे घरी सांगितलं तेव्हा आई एकदम म्हणाली, "अरे, ही तर निवळी! तुला लहानपणी चमच्याने पाजायचे मी." त्या संध्याकाळी ती काकांकडे जाऊन आली. येताना त्यांच्या चुकांची भलीमोठी यादी घेऊनच आली, पण नवी कडी त्यानंतर कधी लागली नाही.

ही निवळी टाकीत एकदम ओतून चालत नसे. ती जहाल असते, मासे कासावीस होतात. म्हणून काकांनी दवाखान्यातल्यासारखी सलाईनची बाटली टाकीवर उलटी टांगली होती आणि नळीतून निवळी थेंब थेंब पडत असे. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा वर्गणीसाठी आले आणि ती बाटली बघून दारातच थबकले. "तळवडेकर, घरात कोण आजारी आहे?"

"समुद्र," काका हळू आवाजात म्हणाले. "मीठ फार झालं, बीपी वाढलंय. चप्पल बाहेर काढा आणि मोठ्याने बोलू नका."

सेक्रेटरींनी खरंच चप्पल काढली.

निवळीच्या जोडीला खाण्याचा सोडाही पाण्यात जायचा, पण तो सकाळी, निवळी संध्याकाळी. दोन्ही एकदम का घालायची नाहीत, असं मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "चुना आणि सोडा म्हणजे सख्ख्या जावा. एका घरात सुखाने राहतील. पण एकाच वेळी एका ओट्याशी आणल्यास की बघ, दोघी मिळून सगळ्या घरावर पांढरं फासतील." हे सगळं ज्ञान त्यांनी नवघर रोडवरच्या सायबर कॅफेत बसून गोळा केलं होतं. तिथल्या कॉलेजच्या पोरांना वाटायचं की म्हातारा परदेशी बायकांशी गप्पा मारतोय, आणि काकांनी तो समज कधी दूर केला नाही.

लोकांच्या प्रश्नांची त्यांच्याकडे ठरलेली उत्तरं होती. "उत्तनला समुद्र फुकट आहे, मग मीठ विकत आणून पाणी कशाला बनवता?" असं कुणी विचारलं, की "त्या समुद्रात अख्खी मुंबई विरघळलीय, माझे मासे शाकाहारी वळणाचे आहेत." तारोडीहून मासे विकायला येणारी मावशी टोपली दारात ठेवून टाकीकडे बघत म्हणाली होती, "काका, खायाचं न्हाय तर ठेवलंय कशाला?" काका म्हणाले, "नुसतं बघायला. तू नवरा नाही का ठेवलायस?" मावशी जिन्यावर बसून हसली आणि त्या दिवशी तिने काकांना बोंबील जरा जास्तच घातले.

खरी गंमत पाणी तपासायच्या दिवशी असे. परीक्षानळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकत जायचं आणि गुलाबीचं निळं झालं की थांबायचं. काकांच्या डोळ्यात मोतीबिंदू. त्यामुळे निळं झालं की नाही यावर मतदान व्हायचं. मतदार म्हणजे मी, आई आणि खालच्या मजल्यावरच्या जिग्नाबेन. "ये तो अभी जांबली छे, काका!" जिग्नाबेन ओरडायच्या. आईला त्यात कधी वांग्याचा रंग दिसे, कधी बारशाच्या साडीचा. काका सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "बहुमत जांभळ्याचं आहे. म्हणजे आणखी एक थेंब." आम्हाला काही कळतं, असा आमचाही हळूहळू समज झाला होता.

काकू गेल्यापासून काका एकटेच राहत. मुलगी वर्षा नाशिकला. "बाबा, माझ्याकडे चला," हा तिचा दर रविवारचा फोन. काकांना भाईंदर सोडायचं नव्हतं. भाजीवाल्याच्या काट्याकडे नुसतं रोखून बघून एक टोमॅटो जास्त मिळवायची मजा नाशिकला कोण देणार? शेवटी त्यांनी लेकीशी पैज लावली. "ज्या दिवशी माझ्या समुद्राचं पाणी माझ्या हातून बिघडेल, त्या दिवशी मी एकटा राहायला नालायक ठरलो असं समज. बॅग भरून येईन." वर्षाने ते मान्य केलं. काका आम्हाला डोळा मारून म्हणाले, "मरेपर्यंतची सोय झाली."

आणि पैज ते वर्षानुवर्षं जिंकत आले. दिवे गेले, पंप बंद पडला, उकाड्याने पाणी तापलं, पण काकांचं पाणी हललं नाही. वर्षा यायची, टाकीसमोर उभी राहायची, "बरं बाबा" म्हणायची आणि परत जायची.

मग एका सकाळी जिग्नाबेनची किंकाळी ऐकू आली. "काका का पानी दूध हो गया!" मी धावलो. टाकीत आरपार काही दिसत नव्हतं. सगळं पांढरं. काचेला नाक लावलं तर कुठेतरी केशरी रंग हलल्यासारखा वाटे, तेवढंच. "गोकुळाष्टमी लवकर आली वाटतं," असं काहीतरी काका म्हणतील म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. ते नुसते स्वतःच्या हातांकडे बघत होते. त्यांच्या हातात सोड्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या. एक आजची, एक उद्यासाठी आधीच भरून ठेवलेली. दोन्ही रिकाम्या.

आम्ही कामाला लागलो. बादल्या भरभरून पाणी काढलं, काकांनी साठवून ठेवलेलं मिठाचं पाणी घातलं, आईने पदर खोचून फरशी पुसली. कोळंबी एका दगडाखाली जिवंत सापडली तेव्हा जिग्नाबेननी तिला हात जोडले. पुढच्या दोन दिवसांत गाळ बसत गेला आणि पाणी पुन्हा नितळ झालं. प्रवाळ आधी आकसून बसले होते, मग एकेक करून उघडले. वर्षा त्याच रविवारी यायची होती. "किसीने कुछ बोलने का नहीं," जिग्नाबेननी आम्हाला बजावलं. आईने मान हलवली. मीही हलवली. काकांना कुणी विचारलंच नाही.

रविवारी वर्षा आली. टाकीसमोर नेहमीसारखी उभी राहिली. आम्ही तिघं उगाचच तिच्या मागे.

"कसं आहे पाणी?" तिने विचारलं.

"एकदम फर्स्ट क्लास," मी म्हणालो. "कालच तपासलंय."

"निळं," आई म्हणाली. "स्वच्छ निळं."

वर्षा हसली. "म्हणजे यंदाही तुम्हीच जिंकलात बाबा."

काका खुर्चीत बसले होते. "नाही गं," ते म्हणाले. "हरलो. पाणी दुधासारखं झालं होतं. ही सगळी खोटं बोलतायत, आणि चांगलं बोलतायत. सोडा मी दोनदा घातला." मग जरा वेळाने, जणू स्वतःलाच सांगावं तसं म्हणाले, "चुकून घातला असता तर तुला सांगितलंही नसतं. पण पहिल्यांदा घातलेला मला अजून आठवत नाहीये."

वर्षा त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसली. मला त्या माणसाचा भयंकर राग आला. आयुष्यभर साऱ्या बिल्डिंगला थापा मारल्या, आणि एक थाप, फक्त एक, स्वतःच्या कामाची होती तर ती मारली नाही.

टाकी मीरा रोडच्या एका डॉक्टरांनी नेली. काका नाशिकला गेले. आईने त्यांच्याबरोबर मेतकुटाची बरणी दिली आणि चार दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, जणू मीच त्यांना पाठवलं होतं.

मी अधूनमधून डॉक्टरांकडे जाऊन टाकी बघून यायचो आणि काकांना फोन करायचो. एकदा मी सांगत होतो, की पाणी उत्तम आहे, मासे मजेत आहेत, आणि कोळंबी आता इतकी माजलीय की डॉक्टरांच्या बोटावर चढून नखं साफ करते. काका खूप हसले. मग नाशिकच्या थंडीबद्दल बोलले, जावयाच्या घोरण्याबद्दल बोलले. आणि म्हणाले, "ते सगळं राहू दे सुहास, आपल्या समुद्राचं काय चाललंय ते सांग ना."

मी पुन्हा सगळं सांगितलं. पाणी, मासे, कोळंबी.

"मघाशी विचारलं होतं का रे मी हे?"

"छे, काका. आत्ताच विचारलंत."

"लबाड," काका म्हणाले. आणि मग, "कोळंबीचं पुन्हा एकदा सांग."