बंद दाराआडून मागितलेला जोगवा

सुमे, जवळ ये बघू, कागदावरून का होईना. कान धरायचाय तुझा. देव माझ्याकडं बघत नाही, असं खुशाल लिहून मोकळी झालीस, आणि त्याआधी सहा महिने मावशीला एक ओळ नाही! तोंड मिटून फुगून बसणाऱ्या माणसाचं काय होतं, ते मी भोगलंय. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वाच, आणि सासूच्या हाती पडू देऊ नकोस.

तुझे काका गेले आणि बाळूनं मला साताऱ्याकडून वाशीला आणलं, तेव्हाची गोष्ट. तिथल्या बिल्डिंगी म्हणजे एका साच्यातल्या विटा. तोच पिवळा रंग, तोच जिना, तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला तेच दार. एक दिवस भाजी घेऊन आले, दार लोटलेलं दिसलं, आत गेले, चपला काढल्या, चहाचं आधण ठेवलं. साखरेचा डबा सापडेना म्हणून सुनेच्या नावानं बोटं मोडत होते, तेवढ्यात मोरीतून कुणी परकीच बाई बाहेर आली आणि चोर चोर म्हणून ओरडली. बिल्डिंग दुसरी होती गं! आता तू हसशील, पण त्या दिवशी सगळा जिना माणसांनी भरला. बाळूला मसाला मार्केटातून, भर कामावरून बोलावून आणलं. तो मान खाली घालून मला घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी तो मार्केटात आणि सून पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत निघाली, तेव्हा जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं. "आई, तुझ्याच भल्यासाठी. उगाच टेन्शन नको," म्हणाला.

सकाळी आठ ते संध्याकाळी सात, असे आठ महिने. डबा भरलेला असायचा, डोक्यावर पंखा, समोर टीव्ही. कुणी विचारलं असतं तर काय कमी आहे म्हणून सांगणार होते? जन्मभर रानात राबलेली मी, खिडकीच्या गजाला गाल लावून खालच्या कुत्र्यांचा हेवा करायची. शेजारणी जिन्यानं जाताना कुलपाकडं बघायच्या, माझ्याकडं नाही. मग मीच आतलं लाकडी दार लावून घ्यायची. एकदाही हाक मारली नाही. मुलाचं नाव जाईल! ज्यानं कोंडलं, त्याचीच अब्रू मी आत बसून राखत होते. घरात देव्हारा म्हणून प्लायवूडचं कपाट होतं, त्याला चिमुकली दारं. एके दिवशी माझं डोकंच फिरलं. अंबाबाईच्या चांदीच्या टाकाला म्हटलं, तुला दिसत नाही ना हे, मग बस तूही आत. धाडकन दारं लावली. तीन महिने दिवा नाही, फूल नाही. घरात कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

आणि नवरात्र आलं. आपल्याकडची जोगव्याची परडी माझ्या सासूबाईंनी माझ्या हाती दिलेली. नवरात्रातल्या शुक्रवारी पाच घरांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून पदर पसरायचा, मिळेल त्या मूठभर पिठाची भाकरी करून आईला नैवेद्य दाखवायचा. लग्न झाल्यापासून कधी चुकलं नव्हतं. देवीवर रुसले असले तरी हे मोडायची हिंमत नव्हती. बाळूला म्हटलं, आजचा दिवस चावी दे. "लोकांच्या दारात भीक मागणार? सोसायटीत राहतो आपण," म्हणाला, आणि कुलूप घालून गेला.

मी आतलं दार उघडं टाकून, परडी मांडीवर घेऊन तिथंच रडत बसले. तेवढ्यात जिन्यानं एक बाई वर आली. खाडीकाठच्या गावातली आगरी बाई, डोक्यावर झेंडूची पाटी.

"फुला घे गो."

"घेतली असती. कुलूप बाहेरून आहे."

तिनं पाटी उतरवली, कुलूप हातात धरून हलवलं. "कोनी कोंडली तुला? चोरी केलीस काय?"

"मुलानं कोंडलं."

"बरा हाय पोरगा! आमी म्हशीला पन दिवसाची सोरतो." मग तिची नजर परडीवर गेली. मी जोगव्याचं सांगितलं. म्हणाली, "मंग माग की. तोंडाला पन कुलूप घातलान काय?"

"उंबऱ्याबाहेर उभं राहावं लागतं, बाई."

"तुझे देवीला म्हाईत हाय कुलूप कोनी लावलाय ता."

मी नको नको म्हणेपर्यंत तिनं मजल्यावरच्या सगळ्या बेला दाबल्या आणि जिन्यात तोंड घालून ओरडली, "बायांनो, भाईर या! म्हातारी जोगवा मागते!"

दारं उघडली. आता मागण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पदराचं टोक जाळीतून बाहेर काढलं आणि मोठ्यानं म्हटलं, "आईचा जोगवा वाढा." इतक्या दिवसांत न वापरलेला आवाज, चिरकला मेला. समोरच्या नर्सबाई पीठ घेऊन आल्या, शेजारची आली, वरच्या मजल्यावरच्या दोघी उतरल्या. चार झाल्या. पाचवं दार कुणी उघडेना, तेव्हा फुलवाली म्हणाली, "पाचवा माझा घर," आणि मूठभर झेंडू पदरात टाकला. शेजारीण म्हणाली, "आम्हाला वाटायचं दिवसा घरात कुणी नसतं." खोटं होतं ते. मी बोलू दिलं तिला.

त्या पिठाची भाकरी थापली. कपाटाची दारं उघडली, टाक पुसला, झेंडू वाहिला. माफीबिफी काही सुचली नाही, नुसती रडले. संध्याकाळी नर्सबाईंनी बाळूला जिन्यातच गाठलं. "चावी उद्यापासून आजींकडं राहील. नाहीतर सेक्रेटरींना बोलावते." तो आत येऊन म्हणाला, "आई, चारचौघांत मला भिकारी केलंस." म्हटलं, "मागितलं मी. तू कशाला लाजतोस?" त्यानं चावी टेबलावर आपटली आणि दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. कुलूप निघालं सुमे, पण ते आठ महिने मनातून निघाले नाहीत. आजही त्याला वाढताना मधेच हात थांबतो माझा.

चावी मिळाली त्या सकाळी मी अर्धा तास उंबऱ्यावरच उभी होते. पाय उचलेना. मग मार्केटच्या रस्त्यापर्यंत गेले, कांद्याबटाट्याच्या गोण्यांचा वास छातीभर घेतला आणि परत आले. फुलवाली त्या दिवशीही आली होती. उघडं दार बघून हसली आणि फुलांचे पैसे एक पैसाही कमी न करता घेतले! ती कोण होती, हे मी ठरवत नाही. तिला कुणी पाठवलं, एवढं मात्र रोज दिवा लावताना आठवते आणि हात जोडते.

शरण जाणं म्हणजे गप सोसणं, असं मला वाटायचं. ते सोसणं नव्हतं गं, ऐट होती माझी. आईनं मला पाच जणींपुढं पदर पसरायला लावला, तेव्हा कुठं ती ऐट गळली. तेव्हा तूही आता आत बसून कुढू नकोस. काय हवंय ते देवाला सांग, माणसांनाही सांग. आणि येत्या रविवारी ये. नवऱ्याला सोबत आणायचं असलं तर आण, नाहीतर एकटी ये. कितीच्या गाडीनं निघतेस ते फक्त कळव. स्टॉपवर तुला घ्यायला मी स्वतः येते.