खुराड्याची कडी
सकाळी कोंबड्या बाहेर सोडल्यावर मी खुराड्याला कडी लावली आणि हिंजवडीला कामावर गेलो. नांदे गावातल्या माझ्या घरमालकीण मावशी लेकीच्या बाळंतपणाला जाताना सात कोंबड्या माझ्या हवाली करून गेल्या होत्या. "सांजच्याला कोंडायचं तेवढं बघा," म्हणाल्या. मी उलट त्यांनाच शिकवलं, की दिवसभर भटकून तिन्हीसांजेला खुराड्याकडे वळणाऱ्या कोंबड्या बघूनच इंग्रजांना म्हण सुचली, आपली कर्मंही अशीच घरी परततात. ट्रॅफिकमधून सुटून अंधार पडल्यावर पोचलो, तर खुराड्याच्या बंद दारापुढे नुसती पिसं. सातही कुत्र्यांनी फाडल्या होत्या. अजून चिकनच्या दुकानापाशी पिसांचा वास आला की परतल्यावर पिसं वेचणाऱ्या मावशी ऐकू येतात : "त्या येळेवर आल्या व्हत्या, सायेब. दार तुमी लावलं व्हतं."