आत्ताच्या मापाचा लॅपटॉप

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आत्याबाईंना आसपासच्या चार गल्ल्या ‘वाढीव बाई’ म्हणून ओळखत. तोंडावर हे नाव कुणी घेत नसे, पण त्यांच्या कानावर ते केव्हाच आलं होतं. राग सोडाच, त्यांना थोडा अभिमानच वाटायचा. मूल समोर उभं राहिलं की त्या गळ्यातली टेप काढायच्या, खांदा मोजायच्या, बाही मोजायच्या, आणि कापडावर खडू टेकवताना मनातल्या मनात त्या मुलाला एक वर्ष मोठं करायच्या. आईबाप खूश. पोर पहिल्या दिवशी शाळेत जायचं ते बाहीत हात हरवून, पण पुढच्या वर्षी तोच शर्ट चालायचा, आणि त्याच्या पुढच्या वर्षी शिवणीत दाबून ठेवलेलं कापड उसवून पुन्हा चालायचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आत्याबाईंना मुळीच पटत नसे. पाय वाढणारच आहेत, तर अंथरूणच लांब शिवा की, असं त्यांचं म्हणणं.

या शिवणकामाचा सगळ्यात जास्त मार खाल्ला तो घरातल्याच पोरीने. ही त्यांची भाची, धाकट्या भावाची मुलगी. वहिनी गेली तेव्हा पोरगी इतकी लहान होती की चपला उलट्या पायात घालायची. भावाची नोकरी सारखी फिरतीची. तो म्हणाला, "ताई, एक वर्ष सांभाळ. माझं बस्तान बसलं की घेऊन जातो." आत्याबाई एकट्याच राहायच्या. पुढच्या खोलीत मशीन आणि कापडाचे गठ्ठे, मागच्या खोलीत स्वयंपाक आणि झोपणं. तिथे एक छोटी गादी वाढली.

वर्ष सरलं. भाऊ सुट्टीत आला, पोरीला खूप हिंडवलं, आणि निघताना चपला घालता घालता म्हणाला, "बघू, पुढच्या वर्षी नेतो." पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग त्याला दुसऱ्या शहरात कायमची नोकरी लागली, त्याने दुसरं लग्न केलं, घर घेतलं, त्या घरात पोरीसाठी म्हणून एक खोलीही ठेवली. माणूस वाईट नव्हता. पण सुट्टी जवळ आली की आत्याबाईंना वाटायचं, या खेपेला तो पोरीला नेतोच. बापलेक फिरायला गेले की त्या मशीनवर बसून नीट घातलेली शिवण उसवायच्या आणि परत घालायच्या. खरं तर एकदा सरळ विचारून टाकायचं, की बाबा रे, नेणार आहेस की नाही? पण विचारलं आणि तो "हो" म्हणाला तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. आत्याबाईंनी मूठ कधी उघडली नाही.

अशी वर्षं जाता जाता पोरगी त्यांच्यापेक्षा उंच झाली. तिला समाजकार्याच्या पदवीला प्रवेश मिळाला, तोही लांबच्या विद्यापीठात, वसतिगृहात राहून. तिकडून आलेल्या सूचनांमध्ये एक होती की प्रत्येकाने स्वतःचा लॅपटॉप आणावा. त्याच संध्याकाळी भावाचा फोन आला. "लॅपटॉप मी पाठवतो, ताई."

"काही नको," आत्याबाई इतक्या फटकन म्हणाल्या की पोरीने वळून पाहिलं. "तो मी घेणार."

पैशांचा प्रश्न नव्हता, मशीनने तेवढं दिलं होतं. प्रश्न वेगळाच होता. पोरगी परक्या खोलीत अभ्यासाला बसेल तेव्हा तिच्यासमोर आपण दिलेली वस्तू असावी, आणि ती वस्तू कुठे कमी पडू नये. कमी पडली तर पोरगी बापाकडे मागणार. मागितलं की तो देणार, दिलं की म्हणणार, ये ना इकडेच, खोली रिकामीच आहे. इतक्या वर्षांत जे झालं नाही ते एका यंत्रापायी होईल, या धास्तीने आत्याबाईंना दोन दिवस काही सुचलं नाही.

म्हणून दुकानात पाऊल टाकलं तेव्हा त्या चांगल्याच तयारीत होत्या. गळ्यात टेप होती. ती काढून ठेवायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. दुकानात लांबच लांब पांढरं टेबल होतं आणि त्यावर लॅपटॉप उघडे मांडून ठेवले होते. गोड बोलणारा एक विक्रेता पुढे आला.

"कशासाठी हवाय?"

"शिक्षणासाठी," आत्याबाई म्हणाल्या. "पुरला पाहिजे. आखूड पडता कामा नये."

विक्रेत्याने असं वाक्य बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं, पण तो गडबडला नाही. "हा बघा. पंधरा इंची स्क्रीन."

आत्याबाईंनी टेप काढली आणि स्क्रीनला आडवी लावली. मग कपाळाला आठी घालून परत लावली. "हे पंधरा भरत नाही हो."

"आत्या!" पोरगी दबक्या आवाजात म्हणाली.

"थांब ग. मापात फसवलेलं मी खपवून घेत नाही."

"बाई, स्क्रीन तिरकी मोजतात," विक्रेता हसू दाबत म्हणाला. "या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

"उरेब?" आत्याबाईंना हे फारच विचित्र वाटलं. "आम्ही गळ्याची पट्टी तेवढी उरेब कापतो. माप कधी उरेब घेत नाही. म्हणजे तुम्ही सांगता त्यापेक्षा सगळे आखूडच भरणार. मग असं करा, तुमच्याकडचा सगळ्यात मोठा दाखवा."

विक्रेत्याला आणखी काय हवं होतं? त्याने आतून एक धूड आणलं. चित्रपट कापणारी, जोडणारी माणसं हाच घेतात म्हणाला. याच्यात काय काय मावतं ते सांगताना त्याच्या तोंडून "पुढची पाच वर्षं बघायला नको" असं वाक्य निघालं, आणि आत्याबाईंचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत त्यांची भाषा बोलणारा माणूस भेटला होता. त्यांनी बिजागरी उघडझाप करून पाहिली, कडेवरून अंगठा फिरवला, आणि वळून म्हणाल्या, "बस ग, मांडीवर घेऊन बघ."

पोरगी स्टुलावर बसली. धूड मांडीवर ठेवलं. त्याची दोन्ही टोकं तिच्या गुडघ्यांच्या बाहेर गेली आणि झाकण उघडल्यावर समोरून तिचे नुसते डोळे आणि केस दिसायला लागले.

"नाकापेक्षा मोती जड, आत्या," ती पलीकडून म्हणाली. "मला लोकांच्या घरी जाऊन बसायचंय. कुणाची मुलं शाळेत का जात नाहीत, कुणाच्या म्हाताऱ्याला औषध मिळतं का, ते ऐकून लिहून घ्यायचंय. हे मध्ये ठेवलं तर समोरची बाई माझ्याशी बोलेल का? तिला वाटेल, भिंत घेऊन आली." तिने तो खाली ठेवला आणि टेबलाच्या टोकाचा एक लहानसा, पातळ लॅपटॉप उचलला. सूचनांमध्ये सांगितलेलं सगळं याच्यावर होत होतं, तिने आधीच वाचून घेतलं होतं. बॅटरी दिवसभर टिकत होती. पिशवीत टाकला तर खांद्याला कळणारही नाही असा होता. "हा घेऊ."

"एवढासा?" आत्याबाईंना तो घरी मापाला येणाऱ्या सगळ्यात लहान पोरासारखा वाटला. "अग, आज तुला पुरेल. पुढे शिकशील, आणखी मोठं काम करशील, तेव्हा? आज मोठा जड वाटतोय, पुढच्या वर्षी सवय होईल."

"पुढच्या वर्षी!" पोरगी हसली. मग तिचं हसू गेलं. तिने तो छोटा लॅपटॉप छातीशी धरला आणि जे बोलली ते भांडल्यासारखं नव्हतं. "आत्या, तो माझा जांभळा कोट मला बरोबर बसला ना, त्या हिवाळ्यात त्याची कोपरं विरलेली होती. वाढदिवसाचा झगा अंगाला बसेपर्यंत विटला होता. बूट पायाला आले तेव्हा तळ गेला होता. मला कुठलीच नवी गोष्ट नवी असताना बसलेली नाही. नेहमी वाटायचं, हे सगळं दुसऱ्याच कुणा मुलीचं आहे, ती मागून येणार आहे, आणि मी तोवर नुसती सांभाळतेय. एकदा तरी मला आत्ताच्या मापाचं घे ना."

विक्रेत्याने फडकं घेतलं आणि स्वच्छ टेबल पुसायला सुरुवात केली.

आत्याबाईंना ते लागलं. फार लागलं. त्यांच्या तोंडाशी उत्तर आलं होतं, की अख्ख्या शाळेचं मी तसंच शिवलं, एकाने तक्रार केली नाही. पण ते उत्तर खरं नव्हतं आणि ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेच्या मुलांचे कपडे आईबाप सांगत म्हणून त्या वाढीव शिवत. या पोरीचे वाढीव शिवा असं त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. पैशाला पैसा जोडायची गरजही नव्हती, शिवणकामातून उरलेल्या कापडातच तिचे दोन-दोन जोड झाले असते.

त्यांनी टेप गुंडाळली आणि पिशवीत टाकली. "हा द्या," त्या विक्रेत्याला म्हणाल्या. "छोटा. आणि तुमचं ते धूड उचला बाबा, मला बघवत नाही."

बाहेर रस्त्यावर दुपारची वर्दळ होती. दोघी बसथांब्यावरच्या बाकावर बसल्या. पोरीने खोका मांडीवर घेतला होता आणि त्यावर दोन्ही हात ठेवले होते. खोका मांडीवर बरोबर मावत होता, हे आत्याबाईंनी न मोजताच पाहिलं. पोरीला वाटत होतं आपण जास्त बोललो. आत्याबाईंना वाटत होतं आपण फार कमी बोललो, आज नव्हे, सगळीच वर्षं.

"एक सांगू का ग?" त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "तुझे कपडे मी पुरवून वापरायला म्हणून मोठे शिवले नाहीत."

"मग?"

"तुझा बाप दर सुट्टीला म्हणायचा, पुढच्या वर्षी नेतो. तो गेला की मी कापड काढायचे आणि तुला पुढच्या वर्षी येईल असं काहीतरी शिवायला घ्यायचे. तू ते लगेच घालायचीस, पण धुऊन, घडी करून परत कपाटात ठेवलं की जिवात जीव यायचा. वाटायचं, पुढच्या वर्षीचे कपडे इथे आहेत म्हणजे तूही इथेच असणार. आहे की नाही खुळेपणा? पोरगी कुणाच्या घरी राहणार हे काय कपाट ठरवतं?"

एक बस आली, थांबली, दोन माणसं उतरवून निघून गेली. ती यांचीच होती, पण दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"आत्या, बाबा मला दरवर्षी विचारायचे."

"काय विचारायचा?"

"येतेस का म्हणून. फिरायला न्यायचे ना, तेव्हा. आइसक्रीम घेऊन द्यायचे आणि विचारायचे. नंतर खोलीचे फोटोही दाखवले. मी दरवर्षी नाही म्हणायचे."

आत्याबाई तिच्याकडे वळल्या. "पण तो तर म्हणायचा..."

"त्यांना तुझ्यासमोर कसंतरी व्हायचं असेल. स्वतःची मुलगी येत नाही म्हणते, हे कसं सांगणार? म्हणून पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी."

"आणि तू? तू का नाही सांगितलंस मला?"

"मला वाटायचं तुला ठाऊक आहे. तू कधी विचारलंच नाहीस. आम्ही फिरून आलो की तू मशीनवरून मानही वर करायची नाहीस. मला तर कधी कधी वाटायचं, मी जावं असंच तुला वाटतंय."

हे ऐकून आत्याबाईंना तिथेच, भर थांब्यावर, रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. एवढी वर्षं दर सुट्टीला तीच भीती घेऊन बसलो, आणि त्याचं उत्तर रोज समोर जेवायला बसत होतं. एकदा मान वर करून विचारलं असतं तर बास होतं. शेजारी बसची वाट बघणाऱ्या माणसाने भलतीकडे पाहिलं. पोरीने खोका बाजूला ठेवला आणि त्यांना जवळ घेतलं. आता ती इतकी उंच झाली होती की आत्याबाईंचं डोकं तिच्या खांद्यावर सहज टेकलं.

"काय एवढं होतं ग माझ्याकडे," आत्याबाई नाक ओढत म्हणाल्या. "तिकडे स्वतःची खोली होती. अंगाला बसणारे, दुकानातले कपडे मिळाले असते."

"मला इथेच राहायचं होतं," पोरगी म्हणाली. "ढगळ तर ढगळ."