फुलं मिटेपर्यंत

मी हट्टी आहे, हे सासरी पहिल्या वर्षीच कळलं होतं. कलिंगडाच्या वेळी त्यावर शिक्कामोर्तब झालं.

भात कापला की कोलाडच्या बाजूला कालव्याच्या पाण्यावर आमचं कलिंगड असतं. अर्धा तुकडा आमचा, अर्धा धाकट्या दिराचा, मध्ये हातभर बांध. त्या साली माझी कोवळी फळं फुलाच्या टोकाकडून कुजायला लागली. मधमाश्यांच्या शिबिरात शिकवलं होतं तसं मी माझ्या मधपेटीच्या दाराशी मिठाईच्या खोक्याचं झाकण बसवलं आणि त्यात मित्रबुरशीची पूड पसरली. ही बुरशी कुजवणाऱ्या बुरशीला रोखते. बाहेर पडणारी माशी पुडीतून चालायची आणि पांढऱ्या पायांनी थेट फुलात उतरायची. पांढऱ्या पायाची म्हणजे घर बुडवणारी, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणोत बापडे. माझी फळं सावरत होती.

दिराला फळमाशीसाठी औषध मारायचं होतं, तेही सकाळीच, कारण दुपारी त्याची कंपनीत शिफ्ट. सकाळी फुलं उघडी, माझ्या माश्या फुलांत; औषध लागलं की मरणार. सासू म्हणाली, "एक दिस पेटी बंद कर गो." नवऱ्याचंही तेच. पण औषध काय एका दिवसात उतरतं? पेटी माझी आणि ती बंद करायचा हुकूम सगळ्यांचा, याचा मला भयंकर राग आला.

सकाळी दीर पंप पाठीला लावून आला तेव्हा पेटी उघडी होती आणि मी बांधावर उभी होते.

"वैनी, माश्या तुज्या, पन फुलं माजी हायत. त्यांना बांध कलत नाय, त्याला मी काय करू?"

"कलत नाय म्हणूनच तुमच्या फुलांतपन माजी पूड पडतंय," मी म्हणाले. "दुपारी फुलं मिटली का मारा. आत्ताच मारायचं तर पयलं माज्या अंगावर मारा."

तो तसाच परत गेला. आळीत पोरं त्याला विचारायची, माश्यांची परवानगी काढलीस का? त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. मला वाईट वाटलं, पण पेटी बंद केली नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो पंप घेऊन बांधाशी आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मिटली का सगली?"

मी त्याच्या तुकड्यात शिरले, वेलन् वेल पाहिला, पानं उचलून पाहिली. कडेच्या सावलीत एक फूल अजून अर्धं उघडं होतं आणि आत माशी होती.

"नाय," मी म्हणाले. "थांबा."

तो थांबला.