काऊनं नेलं

लेकीपासून काही लपवायचं असलं की आमच्या घरात एकच थाप: काऊनं नेलं! मोबाईल, कात्री, साखरेचा डबा, सगळं काऊनं नेलं. खरं तर मोबाईल माझ्या शर्टाच्या खिशात असायचा. सात महिन्यांची होती तेव्हा तिला ते पटायचं. वस्तू डोळ्यांआड झाली की तिच्यापुरती ती जगातूनच गेली. वर्षाची झाली आणि एक दिवस तिनं थेट माझ्या खिशात हात घातला. बायको हसून हसून लोटपोट. "बरी चोरी पकडली वं, तुह्या बापाची!" दिसत नाही ती वस्तूही कुठंतरी असतेच, हे पोरीला कळलं होतं. अख्ख्या मनीषनगरात पेढे वाटायचेच काय ते मी बाकी ठेवले.

ती दीड वर्षाची असताना तिची आई गेली. आठ दिवसांचा ताप, बस. घाटावरून परतलो तर पोरगी आईला शोधत होती, दारामागं, पलंगाखाली. "आई कुठं?" माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "काऊनं नेली." जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

दहाव्याला कन्हानच्या काठावर कावळा पिंडाला शिवेना. सासरे म्हणाले, "पोरीत जीव अडकला असंन तिचा. बोला जी काही." मी हात जोडले. "तुझ्या लेकीला काही कमी पडू देणार नाही." तेव्हा कुठं शिवला.

आता पोरगी दोन वर्षांची झाली. परवा सकाळी पाहतो तर गॅलरीच्या ग्रिलवर आईची ओढणी टाकलेली. ती ओढणी धरल्याशिवाय ही झोपत नाही, धुवायला टाकली तरी घर डोक्यावर घेते. समोर तारेवर कावळा बसलेला, आणि ही त्याला सांगून राहिली होती, "काऊ, हे घे. आई दे."

नेली म्हणजे त्याच्याजवळ असणार, आवडतं ते दिलं तर परत देईल, एवढा विचार त्या एवढ्याशा जिवानं एकटीनं केला होता. हसायचं तरी कोणाला? मीही त्याच्याशी सौदाच करून आलो होतो.

तिला मांडीवर घेतलं. "काऊनं नाही नेली बेटा. बाबा खोटं बोलला."

"मंग कुठं हाय?"

मी दोन्ही रिकामे हात पसरून दाखवले. तिनं ते उलटे करून मागूनही पाहिले. मग माझ्या शर्टाच्या खिशात हात घातला.